चिंचेचं पाणी

सकाळी ओट्यावरून अंगणात उतरल्याबरोबर चन्नबसप्पाचा उजवा पाय ओल्या मातीत पडला. पावसाळा सरून दिवाळीही होऊन गेलेली, हवेत चांगला गारठा, आणि मोटारीच्या तोंडाखाली परातीएवढी जमीन भिजलेली. त्यातून एक ओघळ निघून दगडी डोणीपर्यंत जाऊन थांबला होता. आता अशा वेळी माणसानं दचकावं की नाही? ज्या मोटारीवर आपलं पोट आहे, जी आज लेकीला घेऊन उदगीरला जायची आहे, तिच्या पोटातलं पाणी रातोरात जमिनीवर येतं म्हणजे गंमत नव्हे. पण चन्नबसप्पानं पाय मागं घेतला नाही. ओलीचा गारवा तळव्याला लागतोय का, याचाच तो जरा वेळ अंदाज घेत राहिला, आणि लागत नाही असं ठरवून वाकला. रेडिएटर, म्हणजे मोटारीच्या नाकासमोरची ती तांब्या-पितळेची जाळीदार टाकी, खालच्या कोपऱ्यातून टिपकत होती. एक थेंब लोंबायचा, फुगायचा, पडायचा. मग दुसरा लोंबायला लागायचा. घाई कुणालाच नव्हती. काल संध्याकाळी रेणापूरची फेरी करून आला तेव्हा टाकी धड होती, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि आज शिवगंगेला सासरी पोचवायचं आहे, हेही ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी त्याच्या डोक्यात शेजारी-शेजारी बसल्या, धर्मशाळेत उतरलेल्या दोन अनोळखी माणसांसारख्या. एकमेकांशी बोलल्या नाहीत.

नागम्मा गेल्यापासून त्याचं हे असं झालं होतं. बायको गेली म्हणून तो काही ऊर बडवून रडला नव्हता. रडायचं राहूनच गेलं. समाधीच्या खड्ड्यात तिला बसवलं, जंगमानं सांगितलं तसं सगळं केलं, घरी आला, आणि दुसऱ्या दिवशी लातूर-रेणापूर फेरी सुरू. लोक म्हणाले, गडी खंबीर आहे. खंबीर कसला! तिच्या मागोमाग त्याच्या जिभेची चव गेली, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. आमटी आणि ताक त्याला सारखंच लागायचं. तळहात तर आधीपासूनच गेलेले. तापलेल्या टाकीचं झाकण तो उघड्या हातानं फिरवायचा, नि उतारू तोंडात बोटं घालायचे. हैदराबादेत ज्याच्या हाताखाली काम शिकला त्या उस्तादानं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "चन्नू, पहले गाडी कू पिला, बादमें तू पी." तेवढं मात्र त्यानं देवाच्या नेमासारखं पाळलं. सकाळी हौदातली पहिली घागर गाडीला. मग अंघोळ, मग गळ्यातलं लिंग डाव्या तळव्यावर घेऊन पूजा, मग घोटभर पाणी. लढाईमुळं पेट्रोल चिठ्ठीवर मिळायला लागलं, सरकारी मोटारी धावायला लागल्यावर बऱ्याच जणांनी गाड्या फुंकून टाकल्या, पण ह्याची फेरी चुकली नाही. चन्नबसप्पाची गाडी म्हणजे घड्याळ, असं गंजातले, म्हणजे धान्यबाजारातले आडते म्हणायचे. घड्याळाला कुठं काय वाटतं?

न्हाणीतून भडाभडा पाणी ओतल्याचा आवाज येत होता. मलप्पाची अंघोळ चालली होती. हा मलप्पा म्हणजे शिवगंगेचा चुलतसासरा. काल दुपारी तो उदगीरहून तिला न्यायला आला होता, आणि येताना मोठ्या मानानं निरोपही घेऊन आला होता, की दिवाळसण झाला, आता सुनेला पाठवून द्या. चन्नबसप्पा 'बरं' म्हणाला होता. 'बरं' हा शब्द त्याच्या तोंडात पानासारखा सदा ठेवलेलाच असायचा. लेकीला विचारलं नव्हतं. तिनंही काही म्हटलं नव्हतं. ट्रंक तेवढी रात्री भरून दाराशी आणून ठेवली होती. आता ती चुलीपुढून उठून दारात आली. अंगावर कालचंच लुगडं, कपाळावर विभूती नाही, म्हणजे अंघोळ व्हायची होती.

"अप्पा, काय झालं?"

"गळून राहिलीय."

"लई?"

"बघतो. बघितल्याबिगर काय सांगू?"

ती आणखी काही विचारील असं त्याला वाटलं. लहानपणी विचारायची. मोटारीच्या पोटाखाली ह्याच्या शेजारी पालथी पडून हे काय, ते काय, करून जीव नकोसा करायची. नागम्मा ओरडायची, की पोरीची जात, हात काळे करून घेती, उद्या कोण पदरात घेईल? उदगीरच्या धान्याच्या दुकानदारांनी घेतलं पदरात, काळे हात गोरे झाल्यावर. आता ती उंबऱ्यावर हाताची घडी घालून उभी राहिली, ओघळाकडं बघत. मग म्हणाली, "चुलीतली राख चाळून देऊ?" त्यानं मान हलवली. गळती शोधायला कोरडी राख लागते हे तिला सांगावं लागलं नाही.

टाकी फडक्यानं पुसून त्यानं जाळीवर राख भुरभुरवली. कोरडी राख पांढरी दिसते, नि जिथून पाणी पाझरतं तिथं ती काळी पडते. मग टाकी काठोकाठ भरायची आणि बघत बसायचं. हे बघत बसणं त्याला फार आवडायचं. त्यात काही वाटावं लागत नाही. राखेचा हात नकळत कपाळाला लागला, तीन बोटं आडवी ओढली गेली, नि त्याच्या लक्षात आलं की अजून आपलीही अंघोळ झालेली नाही, आज गडबडीत सगळंच उलटं चाललंय. अंघोळ म्हटल्यावर श्रावण आठवला. श्रावणात ती चार दिवस आली होती, तेव्हा वाळलेली मनगटं बघून शेजारणीनं विचारलं होतं, आजारी होतीस का ग? त्या रात्री जेवताना तिनं ताटाकडं बघतच सांगितलं होतं. रडून नाही, बाजारभाव सांगावा तसं. सासरी सकाळी बंब तापतो. आधी सासरा, मग दीर, मग नवरा, मग सासू, मग नणंदा, आलेगेले पाव्हणे. हिचा नंबर येईस्तोवर बंब रिकामा. आड वाड्याच्या मागं, पोहरा सासूच्या खोलीत. मागावा तर सासू म्हणते, देते की, काय घाई आहे. दुपार होते. अंघोळ नाही म्हणून पूजा नाही, पूजा नाही म्हणून तोंडात घास नाही. मारत नाहीत, शिव्या देत नाहीत. गावात कुणी विचारलं तर सासू सांगते, जेवायला का कुणी नको म्हणतंय? अंघोळ करावी, लिंगपूजा करावी, पोटभर जेवावं. त्यात खोटं काही नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. चन्नबसप्पानं ते सगळं ऐकलं होतं, घास गिळला होता, आणि म्हणाला होता, "सांभाळून घे गंगे." आणि चौथ्या दिवशी ह्याच मोटारीनं तिला नेऊन सोडलं होतं. परतीच्या वाटेवर त्याला वाईट वाटायला हवं होतं. त्यानं वाट पाहिली. नळेगावपर्यंत काही आलं नाही, मग तो गिअरच्या आवाजाकडं लक्ष देऊ लागला.

खालच्या कोपऱ्यात राख काळी पडली. बोटभर लांब, जिथं तळाची पट्टी नळ्यांना जोडलेली असते तिथं. शेजारी आणखी दोन बारीक टिंबं, सुईच्या टोकाएवढी. त्यानं अंगठ्यानं चोळून पाहिलं. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्याचं जे पांढरं, दगडासारखं किटण तिथं बसलेलं असायचं ते नव्हतंच. आत डोकावून पाहिलं, तर तांबं लखलखत होतं, दिवाळीला घासलेल्या घागरीसारखं. हे कसं झालं? जुन्या टाकीचं अर्धं झाळकाम ते किटणच करतं, तेच भोकं धरून ठेवतं. ते एका रात्रीत विरघळलं कसं? आणि मग, का कोण जाणे, त्यानं ओला अंगठा जिभेवर ठेवला. आंबट.

आंबट! तो तसाच उकिडवा बसून राहिला. नागम्मा गेल्यापासून दोन वर्षं ज्या जिभेला काही लागलं नव्हतं तिच्या कडा आखडून आल्या, कानाच्या मुळापाशी कळ उठली, तोंडाला पाणी सुटलं. चिंच. आणि चिंचेबरोबर दुसरंही एक मागून आलं, आपोआप, न बोलावता. पुष्कळ वर्षांपूर्वी त्याच्याकडं चंद्रप्पा नावाचा क्लीनर होता, मोठा हौशी गडी. त्यानं मालकाला खूश करावं म्हणून टाकीत चिंचेचं पाणी ओतून ती आतून घासल्यासारखी स्वच्छ केली, तांब्याची भांडी नाही का बाया चिंचेनं उजळवतात, तशी. दुसऱ्या दिवशी सोळा ठिकाणी गळती. चन्नबसप्पानं रात्री जेवताना ती गोष्ट सांगितली होती, नि नागम्मा पदर तोंडाला लावून हसली होती, आणि मांडीवर बसलेली गंगी विचारत होती, "मंग चिंच घातली की गाडी जाती न्हाई का अप्पा?" तो म्हणाला होता, "न्हाई जात बाई. चिंच घातली की गाडी घरीच बसती." ती हसली, पुन्हा म्हणाली, घरीच बसती, घरीच बसती. तिला ते फार आवडलं होतं.

त्यानं मान वर करून बघितलं नाही. उंबऱ्यावर ती उभी आहे हे त्याला पाठीवर कळत होतं. मोटारीच्या पोटाखाली वाढलेली पोर, तिला हे अजाणतेपणी झालं असं म्हणायची सोयच नव्हती. काल तो परत आल्यावर, टाकी अजून कोमट असताना, हौदावर जायचं निमित्त करून तिनं ते ओतलं असणार. दुसरं काय करणार होती? बोलून पाहिलं होतं श्रावणात.

तरी हातांनी काम सुरू केलं. त्याचे हात असे होते, की मोडकं दिसलं की चालू लागायचे, धन्याची परवानगी विचारायचे नाहीत. पाणी सोडून दिलं, रबरी नळ्या काढल्या, बोल्ट काढून टाकी उचलून ओट्यावर पालथी घातली, कोपरा कानशीनं खरवडला. कय्या, म्हणजे झाळायचं तांब्याचं टोक, विस्तवात लाल केला, नवसागराचा धूर काढला, कथील लावलं. कथील वितळून पाऱ्यासारखं शिवणीत धावलं आणि बसलं. याच सुमाराला मलप्पा न्हाणीतून अंग पुसत बाहेर आला. गुबगुबीत, चेहऱ्यावर अंघोळीची लाली, कपाळावर ठसठशीत विभूती. माणूस वाईट नव्हता हो. वाईट माणसं ओळखू तरी येतात.

"पाणी झकास तापलं होतं, सुनबाई," तो म्हणाला. मग ओट्याशी येऊन, "निघायच्या दिवशीच हिला गळायचं सुचलं का, चन्नबसप्पा?"

"जुनी हाय. चालायचंच."

"होईल का नीट?"

"होईल."

"नाही झाली तर आपली सरकारी मोटार हाय की. आज नाही तर उद्या, पोचण्याशी कारण." तो खाटेवर टेकला. शिवगंगेनं दुधाचा पेला आणून ठेवला आणि परत चुलीशी गेली. तिच्या पाठीकडं बघून तो म्हणाला, "वाळली जरा पोरगी. वहिनी तिथं सारखी म्हणती, बाई ग, जेवत जा. जेवायला का कुणी नको म्हणतंय?"

चन्नबसप्पाच्या तळव्याला लाल कय्या टेकला. चामडी जळाल्याचा वास आधी आला. त्यानं हात बाजूला घेतला, पाहिला, आणि पुन्हा कामाला लावला. दुखलं नाही. पण तो न्हाणीकडं बघत राहिला. बंब विझला होता. दाराशी रिकामी बादली उपडी घातलेली. आणि तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं, की दिवाळीपासून ही पोरगी ह्या घरातही, आपल्या बापाच्या घरात, दुपारीच अंघोळ करते. आधी मी, मग कोण पाव्हणा असला तर तो, मग भांडी, मग धुणं, आणि उरलं तर ती. कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्यानं ते रोज बघितलं होतं. रोज फेरीला निघताना ती कोरड्या कपाळानं दारात उभी असायची, नि त्याला वाटायचं, पोरगी आळसावली, माहेरपण आहे, आळसावू दे. त्याला स्वतःची किळस आली. फार नाही, थोडी. पण आली, हे त्याला कळलं.

टाकी परत बसवून पाणी भरलं. कोपरा कोरडा झाला, पण ती दोन सुईएवढी टिंबं राहिलीच. तिथं झाळ पोचत नाही. अशा वेळी ड्रायव्हर लोक टाकीत हळद टाकतात. इंजिन चालू करून पाणी तापवलं की हळद फुगते, भोकाभोकात जाऊन बसते. मग ते पाणी सोडून नवं भरायचं. त्यानं हाक मारायच्या आधीच ती वाटीत हळद घेऊन आली.

"किती टाकू?"

"टाक मूठभर."

तिनं टाकली. दोघंही टाकीच्या तोंडावर वाकले होते. मलप्पा पलीकडं खाटेवर पडून डोळे मिटून होता. त्यानं इंजिन चालू केलं होतं, त्याचा आवाज मोठा होता, त्यामुळं बोलता येत होतं.

"चिंच होती गंगे."

तिनं रिकामी वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "हाव. मीच घातली."

"मला ओळखू येईल, माहीत होतं तुला?"

"माहीत होतं."

"मग?"

"ओळखू यावं म्हणूनच घातली, अप्पा." तिच्या बोटांना हळद लागली होती, ती पदराला पुसायची विसरून हात पुढं धरून उभी होती. "तुम्हाला बोललेलं कुठं ऐकू येतं? गाडीचं येतं."

पाणी उकळू लागलं, पिवळ्या वाफेचा कडवट वास सुटला, आणि तो त्याला लागला, नाकाला, घशाला. टिंबं आधी पिवळी झाली, मग कोरडी. एक थेंब लोंबला, नि पडलाच नाही, तिथंच सुकून गेला. चन्नबसप्पानं इतकं नेटकं काम कधी केलं नव्हतं. आता ही टाकी आणखी दहा वर्षं गळणार नव्हती. त्यानं इंजिन बंद केलं, खालची चावी फिरवली, आणि हळदीचं तापलेलं पाणी मातीत सोडून दिलं. ते सकाळच्या ओलीवरून, त्याच ओघळानं, डोणीपर्यंत गेलं.

इंजिन थांबलं तसा मलप्पा उठून बसला. "झाली का?"

खोटं तोंडाशी तयार होतं. गळून राहिलीय, आज जमत नाही, एवढंच म्हणायचं. पण मग सरकारी मोटार होती, उद्या होता, परवा होता. गळतीच्या आडोशाला एक दिवस बसता येतं, जन्म काढता येत नाही. शिवाय धड गाडीला मोडकी म्हणणं त्याच्यानं झालं नसतं, हा त्याचा ताठा म्हणा.

"झाली. गळत न्हाई आता."

"मंग पाणी भरा न् निघू. ऊन चढायच्या आत नळेगाव मागं टाकू. सुनबाई, चला."

शिवगंगा हलली नाही. ट्रंकेकडंही बघितलं नाही. बापाच्या हातांकडं बघत होती.

"गंगा येत न्हाई," चन्नबसप्पा म्हणाला.

आवाज इतका साधा निघाला की मलप्पाला आधी कळलंच नाही. "येत न्हाई म्हंजे?"

"तिची अंघोळ व्हायची हाय."

"अहो, मंग होऊ द्या की. बसतो मी."

"बसू नका. लई येळ लागंल."

"किती येळ?"

"ते तिचं ती ठरवील. ह्या तिच्या घरी पोहरा कुणाच्या खोलीत न्हाई." त्याला आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण सवय नव्हती, शब्द किटणासारखे धरून बसले होते. "तुमच्या वहिनीला सांगा, आम्ही पण जेवायला नको म्हणत न्हाई. अंघोळ होईल, पूजा होईल, मंग पोटभर जेवंल."

मलप्पाचा चेहरा पडला. त्याला सगळं कळलं, आणि कळलंय हे दाखवायचं नव्हतं, म्हणून त्यानं लोक काय म्हणतील हे काढलं, बिरादरी काढली, दिल्या घरची लेक म्हणजे काय मोटार आहे का वाटेल तिथं उभी करायला, असंही म्हणाला. चन्नबसप्पा ऐकत होता. त्याला भीतीही वाटली. उद्या बिरादरी बोलावील, जावई दुसरं लग्न करील, आपण गेल्यावर हिचं काय. सगळं खरं होतं. पण भीती वाटत होती, म्हणजे काहीतरी वाटत होतं, आणि तेवढ्याशाच आधारावर तो उभा राहिला. शेवटी मलप्पानं पिशवी उचलली, चप्पल घातली, नि पाव्हण्यानं निघताना म्हणायचं असतं ते काही न म्हणता तो मोटार अड्ड्याच्या वाटेला लागला.

चन्नबसप्पानं घागर घेतली आणि हौदातून भरली. नेमाची, गाडीच्या वाट्याची घागर. पाय सवयीनं मोटारीकडंच चालले. टाकीचं झाकण उघडं होतं, आतलं तांबं उन्हात लखलखत होतं, कोरडं. तिथं तो क्षणभर थांबला, मग वळून न्हाणीकडं गेला, घागर बंबात रिती केली, दुसरी आणायला निघाला. तिसऱ्या खेपेला शिवगंगा आडवी आली.

"अप्पा, गाडीला अजून पाणी पाजलं न्हाई तुम्ही."

"राहू दे. तू घे आधी."

त्यानं बंब पेटवून दिला, आणि पाणी तापल्यावर ओट्यावर येऊन न्हाणीकडं पाठ करून बसला. रेणापूरची फेरी चुकली होती. अड्ड्यावर उतारू वाट बघत असतील, घड्याळ आज बंद कसं पडलं म्हणून बोलत असतील. आत तांब्या बुडाल्याचा आवाज आला, मग अंगावर ओतल्याचा, मग पुन्हा, पुन्हा. ती हात आखडता घेत नव्हती. तो ऐकत राहिला. बऱ्याच वेळानं त्याला कळलं, की आपला तळहात आग-आग करतोय, कय्या लागला होता तिथं. त्यानं तो उघडून पाहिला. चांगला टचटचीत फोड आला होता, आणि दुखत होता.